रिकाम्याचं वजन

मैत्रिणींनो, तुमच्या स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरच्या वरच्या भागावर एक आकडा रंगवलेला असतो. कुणाचा १५.३, कुणाचा १५.९, कुणाचा १६च्याही पुढे. कधी वाचलात का? ते त्या सिलिंडरचं रिकामं वजन. त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवले की भरलेल्या सिलिंडरचं वजन यायला हवं. सिलिंडर घेऊन येणाऱ्याला "काटा लाव" म्हणण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण आपण म्हणत नाही. मिठाईवाल्याचंही तसंच. पेढ्यांबरोबर पुठ्ठ्याचा डबा पेढ्यांच्या भावानं तोलून घेणाऱ्या बायका मी अंजनगावच्या बाजारात रोज बघते. अहो, डबा आधी रिकामा तोलायला लावा!

तुम्ही म्हणाल, या बाईला वजनाचं भारीच वेड दिसतं. वेड नाही, सासर आहे. आमचा अकोट रस्त्याला धर्मकाटा आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून दारासमोरून गाड्या काट्यावर चढताना पाहते आहे. कापूस, तूर, केळी, आमच्या भागातली पानपिंपरी, सगळ्यांचा हिशेब एकच. भरलेली गाडी तोलायची, माल उतरला की रिकामी तोलायची, आणि एकातून दुसरं वजा करायचं. उरेल तो माल. भरलेल्या गाडीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. लबाडी होते ती रिकाम्या गाडीत! भरलेली गाडी चढवताना क्लीनर केबिनमध्ये बसलेला, आणि रिकामी चढवताना तो चहाच्या टपरीवर. झाला की नाही साठ किलोंचा कापूस फुकट? म्हणून आमचे हे नेहमी विचारतात, "पोरगा कुठं आहे रे तुझा? बोलाव त्याला."

तर अशा घरातली मी, २०२३च्या मे महिन्यात लेकीकडे गेले. लेक असते अमेरिकेत, आयडाहो राज्यात बॉयसी नावाच्या शहरात. दोघंही चिप बनवण्याच्या कारखान्यात नोकरीला. नातू पाच वर्षांचा. अमेरिका म्हणजे उंच इमारती असं आपण धरून चालतो, पण हे गाव डोंगराच्या पायथ्याशी. उत्तरेला शेकडो मैल नुसते डोंगर, पाइनची झाडी आणि नद्या. त्या डोंगरांत आत जायला रस्ते फार कमी. म्हणून तिथे नदीकाठी, कुरणात, दोन डोंगरांच्या बेचक्यात गवताच्या नाही तर मातीच्या पट्ट्या राखल्या आहेत आणि लोक त्यांवर लहान लहान विमानं उतरवतात. आपल्याकडे मेळघाटात जीप घेऊन जावं, तसे ते विमान घेऊन जातात.

आणि आमच्या जावयांनी असलंच एक विमान घेतलं होतं! एकट्यानं नव्हे, तीन मित्रांनी मिळून. सेस्ना १७०, चार माणसांचं, १९५३ सालचं. म्हणजे माझ्याहूनही वयानं मोठं. मूर्तिजापूरच्या शकुंतला गाडीनं रमतगमत माहेरी जाणारी मी (ती गाडी आता बंद पडली, तो विषय वेगळा), आणि माझ्या लेकीच्या दारात विमान! फोनवर ऐकलं तेव्हा यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती टनाचं आहे?"

टनाचंच होतं, जेमतेम. कारखान्यानं घालून दिलेली मर्यादा ९९८ किलो. विमान, माणसं, पेट्रोल, सामान सगळं धरून याच्या वर जायचं नाही. कागदोपत्री विमानाचं रिकामं वजन होतं ५८७ किलो. बाकीचं तुम्ही मनात करा: चारशेच्या वर उरतात. मग अडचण काय? मीही हेच विचारलं.

अडचण उंचीची. आपला चिखलदरा सुमारे ३६०० फुटांवर, आणि जिथं यांना जायचं होतं ती जॉन्सन क्रीकची पट्टी सुमारे ४९०० फुटांवर. उंच गेलं की हवा विरळ, आणि त्यात ऊन असलं की आणखी विरळ. तीस अंश उष्णता असली तर तिथली हवा विमानाला आठ हजार फुटांवरच्या हवेसारखी लागते. पंखांना उचलायला हवा कमी आणि इंजिनाला जाळायलाही कमी. या विमानाचं इंजिन १४५ घोड्यांचं. तेवढ्या विरळ हवेत त्यातले ११० घोडे कामाला येतात. वजन मात्र डोंगरावर कमी होत नाही! विमान दहा टक्क्यांनी जड झालं की जमीन सोडायला त्याला साधारण वीस टक्के जास्त पळावं लागतं. आणि पट्टी ३४०० फुटांची, पुढे डोंगर. मुंबईच्या विमानतळावर पुढे आणखी पळता येईल, इथं कुठं पळणार?

म्हणून जावयांनी स्वतःची मर्यादा ठरवली होती: ९०७ किलो. कारखान्याचे ९९८ विसरायचे. मला हे आवडलं. पगार हजाराचा असला तरी खर्च नऊशेवर थांबवणारा माणूस घरात असावा.

आता खरा तिढा ऐका. जावयांची हौस अशी, की आम्हां सगळ्यांना घेऊन जॉन्सन क्रीकला एक रात्र तंबूत राहायचं. लेकीची अट अशी, की आकडा बसला तरच ती आणि पोरगा विमानात बसतील. नाही तर ती पोराला आणि मला मोटारीनं घेऊन येईल. रस्ता होता, पण चार-पाच तासांचा, शेवटी कच्चा. भांडण नव्हतं, पण जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की दोघंही एकदम मऊ आवाजात बोलू लागत. तुमच्या घरी असं झालं तर तुम्ही ओळखाल.

लेकीनं वही काढली. जावई ८४ किलो, ती ५७, नातू १८, मी ६८. हो, विमानाच्या हिशेबात आपलं वजन साडी, चपला, स्वेटर सगळं धरून द्यायचं असतं, आणि इथं बायकांनी चार किलो मनातल्या मनात गाळून चालत नाही! चौघांचे मिळून २२७. जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि वर तासाभराचं राखीव, हे सगळं इथूनच भरून न्यायचं, कारण त्या पट्टीवर पेट्रोल मिळत नाही. ते ९० लिटर, म्हणजे ६५ किलो. सगळं वजा जाता सामानाला उरले २८. तंबू, चार जणांची अंथरुणं, खाणं, पाणी, आणि तिथल्या रानात जाताना जवळ ठेवायचीच अशी एक पिशवी: औषधं, काड्यापेटी, जाड चादरी, शिट्टी, दोन दिवसांचं खाणं. हे सगळं २८ किलोंत? तीन मित्रांपैकी एकानं सुचवलं, की ती पिशवी सात किलोंची आहे, एका रात्रीपुरती राहू द्या. लेकीनं वही मिटली आणि म्हणाली, "मग मीही राहते."

विमानातून वजन काढण्याचं काम हिवाळ्यापासून चाललं होतं, पण सुटं सुटं. रविवारी मला ते विमानाच्या गोदामात घेऊन गेले. तिथं सत्तरीचा एक मेकॅनिक होता, बोलायला रुक्ष पण हाताचा नेटका. विमानाच्या सगळ्या नोंदवह्या त्याच्याकडे. त्यात काय बसवलं, काय काढलं, त्याचं वजन किती, याची सत्तर वर्षांची बेरीज-वजाबाकी. मी लेकीला म्हटलं, "त्याला विचार, याला काट्यावर शेवटी कधी चढवलं होतं?"

लेकीनं विचारलं. म्हाताऱ्यानं वह्या चाळल्या. १९८७!

म्हणजे ५८७ हा आकडा काट्याचा नव्हता, कागदाचा होता. छत्तीस वर्षं नुसती बेरीज-वजाबाकी! तिथं खासगी लहान विमानाला ठरावीक वर्षांनी पुन्हा तोललंच पाहिजे अशी सक्ती नाही. आपल्याकडे ट्रकच्या पुस्तकात एक रिकामं वजन असतं आणि आमच्या काट्यावर दुसरं येतं. मालकानं मध्ये फळ्या जाड केलेल्या असतात, टप ठोकलेला असतो, दुसरं चाक लटकवलेलं असतं. पुस्तकाला त्याचं काय? जावई क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आई, तोलूनच टाकू."

विमान तोलणं हा पाहण्यासारखा सोहळा असतो. दारं बंद करायची, कारण पंखाखालून वाऱ्याची झुळूक गेली तरी काटा हलका दाखवतो. टाकीतलं पेट्रोल काढून टाकायचं. मागचं लहान चाक घोडीवर चढवून विमान हवेत असतं तसं समतल करायचं, त्यासाठी गवंड्याकडे असते तशी पाणसळ लावून बघायचं. मग तीन चाकांखाली तीन काटे. तिन्ही आकडे म्हाताऱ्यानं मोठ्यानं वाचले, लेकीनं लिहिले, मी मनात मिळवले. ६०३ किलो. कागदापेक्षा सोळा किलो जास्त!

सोळा किलो म्हणजे केवढं, हे तुम्हांआम्हांला सांगायला नको. गव्हाची अर्धी गोणीही नाही. पण लेकीच्या वहीत २८चे झाले १२. बाराही तंबू आणि अंथरुणांतच संपतात.

हे सोळा आले कुठून? थोडे रंगातून. मधल्या कुण्या मालकानं जुना रंग न खरवडता वरून नवा दिला होता. दर दिवाळीला पोपडे न काढता चुना मारला की भिंत कशी जाड होते, तसंच. थोडे तारांतून. जुनी यंत्रं काढली, पण त्यांच्या तारा तशाच आत ठेवल्या. आणि थोडे, तुम्हांला हसू येईल, कचऱ्यातून. फरशीखालचे पत्रे उघडले तेव्हा मी तिथं होते. उंदराचं घरटं, माती, तारांचे तुकडे, पेन्सिल, पाच नाणी, लहान मुलाची शिशाची मोटार आणि एक केसांची पिन. सगळं मिळून ९०० ग्रॅम. ती पिन मी ठेवून घेतली आहे. कोण बाई असेल, कुठं निघाली असेल, कुणास ठाऊक.

मग सुरू झाली खरी साफसफाई. आपण माळा उतरवतो ना, अगदी तसं. शिशाची जुनी बॅटरी काढून लिथियमची बसवली, एकदम आठ किलो कमी. इंजिन सुरू करणारी जुनी मोटर म्हणजे खलबत्ता होती नुसती. नवी आली, साडेतीन किलो गेले. वीज तयार करणारं यंत्र बदललं, अडीच गेले. हवेच्या दाबावर फिरणारी जुनी भिंगऱ्यांची उपकरणं आणि त्यांचा पंप काढून एक लहान विजेचं उपकरण लावलं, पाच गेले. कुणी कधीच न वापरणारा एक जुना रेडिओ होता, मृतांच्या घड्याळासारखा भिंतीवर ठेवलेला. तो अँटेनासकट चार. मेलेल्या तारा दोन. गालिचा, दारांमागचं जाड अस्तर, सीटवरची जादा गादी, मिळून सहा. आवाज जरा वाढला, पण कानांवर मोठे कर्णे लावायचेच असतात.

तिथं मनाला येईल तसं काही काढता येत नाही बरं का. प्रत्येक बदलाला सरकारी मंजुरीचा कागद लागतो, परवाना असलेल्या मेकॅनिकची सही लागते. आणि पैसे! एकेका किलोला किती डॉलर पडले ते लेकीनं मला सांगितलं नाही, आणि मी यांना सांगितलं नाही. पंख्याचं पातंही हलकं मिळतं म्हणे, पण त्याची किंमत ऐकून तिघा मित्रांनी एकमेकांकडे बघितलं आणि चहा मागवला. रंग खरवडण्याचंही तसंच राहिलं. उलट एका मित्राला खडकाळ जागेसाठी फुग्यासारखी मोठी चाकं हवी होती, ती अकरा किलोंनी जड. लेक म्हणाली, "इकडून काढायचं आणि तिकडून भरायचं? गवतावरच जायचं आहे ना?" चाकं आली नाहीत.

मला एक गोष्ट फार पटली ती तोलाची. वजन किती, याच्याइतकंच ते कुठं, हे महत्त्वाचं. बैलगाडी भरलेली बाई हे लगेच समजेल. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. फार पुढे भरला की बैलांच्या मानेवर येतो. विमानाचं तंतोतंत हेच. नाकातली मोटर हलकी केली की शेपूट आपोआप जड होते, आणि उलाळ झालेलं विमान सावरणं फार अवघड. म्हणून प्रत्येक वस्तू काढल्यावर म्हातारा पुन्हा गणित मांडे: काय काढलं, कुठून काढलं, आता तोल कुठं आला. पुढे २०२५च्या १६ एप्रिलला आपल्या अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा मला याची फार आठवण झाली. तसलं एटीआर विमान कुठं दिसलं तर बघा. माणसं मागच्या दारानं चढतात, आणि सगळी मागेच जमली तर शेपूट टेकू नये म्हणून खाली एक टेकू लावतात. उभ्या बैलगाडीला लावतो तसाच!

रात्री नातू झोपला की जावई मला विमानांच्या गोष्टी सांगत. लिंडबर्ग म्हणून एक वैमानिक १९२७च्या मेमध्ये न्यूयॉर्कहून एकटा निघाला आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला. त्यानं रेडिओ घेतला नाही, हवाई छत्री घेतली नाही, बसायला वेताची खुर्ची घेतली आणि नकाशांच्या कोऱ्या कडासुद्धा कापून टाकल्या. बरोबर पाच सँडविच. मला तो कंजूष वाटला नाही, पण त्याच्या आईचं काय झालं असेल असं मनात आलं. आपल्या जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून मुंबईच्या जुहूला पहिली टपाल आणली, ती होती २५ किलोंची. वाटेत अहमदाबादला पेट्रोल आलं ते बैलगाडीतून! पन्नास वर्षांनी, १९८२त, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते तोच प्रवास पुन्हा लहान विमानातून करून आले. आणि १९३६ साली लाहोरला परवाना मिळवणाऱ्या सरला ठकराल यांनी तर साडी नेसून विमान चालवलं, तेव्हा त्यांची मुलगी चार वर्षांची होती. मी लगेच जावयांना म्हटलं, "बघा, साडीचं वजन मोजत बसू नका."

आपल्या मुंबईचेही कॅप्टन अमोल यादव आहेत. त्यांनी कांदिवलीला चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा जणांचं विमान बांधलं. २०१६च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं होतं, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते. गच्चीवर विमान! आमच्याकडे वरच्या मजल्यावर पाटा-वरवंटा वाजला तर खालच्या बाई वर येतात. त्या इमारतीतल्या शेजारणींना माझा नमस्कार.

जुलैअखेर विमान पुन्हा काट्यावर चढलं. ५७१ किलो! बत्तीस किलो निघाले होते. लेकीच्या वहीत सामानाला ४४ उरले. मला वाटलं, झालं, आता दोघं मोठ्यानं बोलतील.

पण एक आकडा अजून कुणी हलवला नव्हता, आणि तो फुकटात हलणारा होता. जावईबापूंचे ८४. लग्नात ते पंचाहत्तरचे होते, माझ्याकडे फोटो आहे. आता सांगा, सासूनं हे कसं म्हणावं? जावयाच्या ताटात तूप वाढताना हात आखडणारी सासू वऱ्हाडात कुणी पाहिली आहे का? मी तर येताना २३-२३ किलोंच्या दोन बॅगा भरून आणल्या होत्या: पापड, कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या, जवसाची चटणी, शेवेचे लाडू. (बॅगा भरताना रिकामी बॅग आधी तोला, मैत्रिणींनो. माझी जुनी बॅग एकटीच साडेपाच किलोंची निघाली. ती टाकून तीन किलोंची घेतली, तेवढ्यात अडीच किलो लाडू बसले. पापड डब्यातून काढून कापडी पिशवीत बांधले, तो फायदा वेगळा.) आणि ते लाडू जावईच खात होते.

शेवटी लेकीनंच सांगितलं. वही पुढे सरकवली आणि जावयांच्या नावापुढच्या ८४ या आकड्यावर पेन्सिलीनं गोल केला. एक शब्द नाही. जावई हसले, पण त्या रात्री त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही. रात्री भाकरी, भाजी आणि ताक, सकाळी डोंगरावर चालणं. सप्टेंबरपर्यंत ७९ झाले. पाच किलो, एकही डॉलर न घालता. मी लाडवांचा डबा कारखान्यातल्या मंडळींकडे पाठवून दिला.

निघायच्या आदल्या दिवशी घरातच काटा मांडून प्रत्येक पिशवी तोलली. माझी पर्स निघाली २ किलो ३०० ग्रॅम! त्यातून काय निघालं ते सांगते: चष्म्याची जुनी रिकामी घरं दोन, देवळातला प्रसाद, घराच्या किल्ल्यांचा जुडगा (अंजनगावच्या!), टाल्कम पावडर, नाणी, आणि चांदीचा करंडा. करंडा काही मी बाहेर काढेना. जावई म्हणाले, "असू द्या आई, मी कॅमेऱ्याची दुसरी भिंग ठेवतो." सात किलोंची ती रानातली पिशवी मात्र सगळ्यात आधी विमानात गेली, आणि तिला कुणी बोट लावलं नाही. सामान भरलं ४१ किलो.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सातला निघालो. डोंगरातलं उडणं सकाळीच उरकायचं असतं. दहानंतर ऊन चढतं, वारा खोऱ्यांतून वर उसळू लागतो. तासाभरात खाली हिरवी पट्टी दिसली, बाजूनं ओढा, दोन्हीकडे काळी झाडी. उतरताना माझे डोळे उघडे होते, हे मी लेकीच्या साक्षीनं सांगते. संध्याकाळी तंबूसमोर खिचडी टाकली. उंचावर पाणी लवकर उकळतं पण डाळ लवकर शिजत नाही, हे तुम्हांला माहीत असेल. चाळीस मिनिटं लागली. पट्टीच्या टोकाला हरणं चरत होती. नातवानं तीनदा विचारलं, की त्यांचं वजन किती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं, तेच खरं अवघड. उतरण्यापेक्षा उडायला पट्टी जास्त लागते. तिथले जाणते वैमानिक एक साधा नियम पाळतात: पट्टीच्या निम्म्यावर एक खूण धरायची. तिथवर उडायला लागणाऱ्या वेगाचे दहापैकी सात भाग जमले नाहीत, तर इंजिन बंद करून थांबायचं. तिथं "अजून थोडं बघू" चालत नाही. आदल्या संध्याकाळी लेक स्वतः पावलं मोजत गेली होती आणि निम्म्यावर तिनं तिची लाल ओढणी एका खुंट्याला बांधली होती. परत येताना दुसरे एक वैमानिक ती आणून देणार होते.

विमान पळू लागलं. जावई काट्याकडे बघत होते, लेक ओढणीकडे. मी नातवाचा हात धरून मागे बसले होते आणि पट्ट्यात घट्ट बांधलेली होते. गवतात चाकं धडधडत होती. मग धडधड थांबली. मला आधी वाटलं, काही बिघडलं. लेकीनं मान वळवून खाली बघितलं, मीही बघितलं. ओढणी अजून पुढे होती, आणि आम्ही तिच्यावरून गेलो.

लेकीनं वहीत वेळ लिहिली, पेट्रोल लिहिलं आणि वही मिटून मांडीवर ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात ती आणि पोरगा चार वेळा गेले, आणि एकदाही मोटारीचं नाव निघालं नाही.

परवा फोन आला होता. जावई अजून ७९वरच आहेत, हे लेकीनं आधी सांगितलं. नातू मात्र २४ किलोंचा झाला. त्या सहा किलोंसाठी आता रंग खरवडायचा का पातं बदलायचं, याचा खल चालू आहे, आणि म्हाताऱ्या मेकॅनिकनं विमान पुन्हा काट्यावर चढवायची तारीख दिली आहे.